घड्याळ पाहून जेवावे: त्रिनिदादमध्ये स्थानिक खाणे शोधण्याची रीत

बहुतेक कॅरिबियन बेटांवर स्थानिकांच्या खाण्याची जागा शोधायची म्हणजे किनाऱ्यालगतची पर्यटकांची पट्टी ओलांडून आत शिरावे लागते. त्रिनिदादमध्ये मात्र ओलांडायला अशी पट्टीच जवळपास नाही. या बेटाचे अर्थकारण तेल आणि नैसर्गिक वायूवर उभे आहे, किनाऱ्यावरच्या सुट्टीसाठी लोक शेजारच्या टोबॅगोला जातात आणि त्यामुळे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनपासून दक्षिणेकडच्या सॅन फर्नांडोपर्यंतची बहुतेक खाण्याची ठिकाणे तिथल्याच नोकरदारांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि टॅक्सीचालकांसाठी चालतात. तरीही नवखा पाहुणा पहिले दोन दिवस हॉटेलातले सँडविच खात बसतो. तो नकाशावर चांगले रेस्टॉरंट शोधत असतो, तर तिथला माणूस आधी घड्याळ पाहतो, मग आज वार कोणता ते आठवतो आणि त्यानुसार काय खायचे ते ठरवतो. जागा त्यानंतर येते. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की अर्धे काम झालेच म्हणून समजावे.

दिवसाची सुरुवात डबल्सने करावी. त्यातली ‘बारा’ (हा आकडा नव्हे) म्हणजे हळद घातलेल्या मैद्याची, यीस्टने फुगवलेली आणि तेलात तळलेली मऊ चपटी पोळी. अशा दोन बारांमध्ये रसदार चणे घातले की डबल्स होतात. भारतातून करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी या बेटाला लागले आणि ही ने-आण १९१७ पर्यंत चालली. त्या मजुरांपैकी बरेचसे भोजपुरी पट्ट्यातले असल्यामुळे खाण्याच्या शब्दांवर आजही त्या बोलीची छाप आहे. डबल्स मात्र भारतातून आलेले नाहीत. ते १९३० च्या दशकात बेटाच्या दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउनमध्ये जन्मले, म्हणून त्यांची तुलना छोले-भटुऱ्यांशी करणे तिथल्या माणसाला फारसे रुचत नाही, आणि एकदा खाऊन पाहिल्यावर आपल्यालाही ती पटत नाही.

डबल्सचा विक्रेता बहुधा रस्त्याच्या कडेला, एखाद्या छत्रीखाली, झाकणाची मोठी पेटी मांडून उभा असतो. त्याच्या हातांकडे पाहत राहावे. डाव्या तळव्यावर मेणकागद, त्यावर एकमेकींवर अर्धवट चढलेल्या दोन बारा, त्यांवर चमचाभर चणे, मग काकडीचा कीस, चिंचेची चटणी, शॅडो बेनी नावाच्या दातेरी पानांची हिरवी चटणी आणि शेवटी मिरचीचे तिखट. एवढे झाले की कागदाची दोन टोके चिमटीत धरून तो पुडीला एक गिरकी देतो. हे सगळे पाच-सहा सेकंदांत उरकते आणि तेवढ्यात तो पुढच्या तिघांची मागणीही ऐकून घेतो. मागणी सांगण्याची रीत ठरलेली आहे. आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे, मग किती हवेत तो आकडा आणि त्याला जोडून तिखटाचे प्रमाण. ‘टू, स्लाइट’ म्हणजे दोन द्या, तिखट नावापुरते. आपण तिखट खाणारे आहोत या भरवशावर पहिल्याच दिवशी भरपूर तिखट मागू नये. मोरुगा स्कॉर्पियन ही जगातल्या जहाल मिरच्यांपैकी एक मिरची याच बेटावरच्या मोरुगा गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि गाडीवरच्या बाटलीत नेमके काय आहे ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. पैसे शेवटी द्यायचे असतात. उभ्यानेच एक संपवायचे, वाटले तर आणखी एक मागायचे आणि निघताना किती झाले ते सांगायचे. बरेचदा विक्रेत्याने ते आधीच मोजलेले असतात.

वेळेचा मुद्दा इथे सर्वांत कडक आहे. चांगल्या गाडीवरचा माल सकाळी नऊ-दहापर्यंत संपतो. मी पहिल्या दिवशी निवांत आवरून साडेदहाला पोचलो, तेव्हा गाडीवाला छत्री मिटत होता, आणि ‘उद्या लवकर या’ हे त्याने इतक्या सहजपणे सांगितले की हे वाक्य तो रोज कुणाला तरी ऐकवत असावा. सहा-सातच्या सुमारास बाहेर पडावे. राजधानीच्या पूर्वेकडचा क्युरेपचा चौक यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे एकाहून अधिक विक्रेते असतात आणि रात्रीही विक्री चालते. विमानतळावर उतरणाऱ्याला मात्र इतके लांब जावे लागत नाही, कारण पियार्कोच्या आवारातच डबल्स मिळतात आणि परतलेले त्रिनिदादी लोक सामान हातात असतानाच तिथे उभे राहतात.

सकाळचा दुसरा पर्याय म्हणजे सादा रोटी आणि चोका. तो तुलनेने कमी पाहुण्यांना ठाऊक असतो. चोका म्हणजे विस्तवावर भाजलेले वांगे किंवा टोमॅटो ठेचून त्यावर लसणाची गरम फोडणी ओतलेला प्रकार, अर्थात आपले भरीतच. सादा रोटी जाडसर असते आणि तव्यावर टम्म फुगते. ती विकणारी दुकाने पहाटे उघडतात. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशीच्या भाज्या लिहिलेल्या असतात आणि त्यांत बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, बैगन, करैली, भाजी (म्हणजे पालेभाजी) अशी नावे वाचताना आपल्याला भाषांतराची फारशी गरज पडत नाही. शाकाहारी माणसाने बेटावरचे पोटभर जेवण सकाळीच उरकावे असे माझे मत आहे, कारण दुपारनंतर त्याचे पर्याय कमी होत जातात.

दुपारी अकरा ते दोन ही रोटीच्या दुकानांची वेळ. इथे दोन शब्दांतला फरक ठाऊक असावा. धालपुरी म्हणजे भरडलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली मोठी, पातळ पोळी. तिच्यात रस्सा भरून तिची घडी घालतात आणि ती हातात धरून खातात. बस-अप-शट हा पराठ्याचाच प्रकार आहे, पण तव्यावरच उलथन्याने मारून मारून त्याच्या चिंध्या करतात. फाटक्या शर्टासारखा (‘बस्ट-अप शर्ट’) दिसतो म्हणून त्याला हे नाव पडले, आणि तो रश्शात बुडवून बोटांनी खायचा असतो. गर्दीच्या दुकानात मागे वळलेल्या रांगेत उभे राहण्याआधी आपल्याला काय हवे ते ठरवून ठेवावे. काउंटरवर पोचल्यावर विचार करत उभे राहणाऱ्याबद्दल रांगेतल्या लोकांना फारसे प्रेम वाटत नाही.

त्रिनिदादच्या खाण्याचा दुसरा अर्धा भाग क्रिओल आहे आणि भारतीय माणूस ओळखीच्या चवींत रमून तो विसरतो, हे मला खटकते. आफ्रिकन गुलामांच्या वंशजांनी घडवलेले हे जेवण पाहायचे असेल तर दुपारच्या वेळी पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरालगतच्या ब्रेकफास्ट शेडमध्ये जावे. समाजसेविका ऑड्री जेफर्स यांच्या संस्थेने १९२६ मध्ये गरीब मुलांना जेवण देण्यासाठी शहरात ब्रेकफास्ट शेड सुरू केले होते आणि तेच नाव इथे टिकून आहे. आजच्या जागी बायकांचे स्वतंत्र गाळे आहेत, तिथून ताट घ्यायचे आणि मोकळ्या हवेत बसून खायचे. जळक्या साखरेत मांस परतून त्यात तांदूळ आणि तुरीचे दाणे शिजवलेला पेलाउ, तळलेले मासे, मॅकरोनी पाय (इंग्रजी ‘pie’) आणि कलालू हे तिथले नेहमीचे पदार्थ. कलालू म्हणजे अळूची पाने, भेंडी आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून घोटलेला हिरवा, दाट प्रकार. तो दिसायला शाकाहारी असला तरी त्यात खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असू शकते, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नये. पेलाउ कोंबडीचा आहे की गोमांसाचा, हेही ज्यांना फरक पडतो त्यांनी आधीच विचारावे. विचारण्यात काही अवघड नाही. हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती शेजारी राहत असल्यामुळे कोण काय खात नाही हा प्रश्न तिथे रोजचाच आहे, आणि हलालची पाटी तर जागोजागी दिसते.

दुपार कलली की दक्षिणेकडे वळावे. सॅन फर्नांडोच्या पुढे डेबे नावाचे गाव आहे आणि तिथल्या मुख्य रस्त्याच्या कडेने तळणीचे स्टॉल ओळीने उभे आहेत. डाळीच्या पिठाची गोल फुलौरी, अळूच्या पानांची सहीना, वांग्याच्या कापांची बैगनी, कचौरी आणि बटाट्याचे सारण भरलेला आलू पाय असे सगळे एकाच कागदी पिशवीत चटणीसह मिळते. सहीना ही आपल्या अळुवडीची चुलत बहीण शोभावी अशी आहे, फक्त तिच्यावर तिखट-आंबट चटणी ओतलेली असते. केवळ यासाठी राजधानीतून इतक्या लांब जावे का, असे कुणी विचारले तर माझे उत्तर निःसंकोच होकारार्थी आहे.

तिथे पोचण्यासाठी मॅक्सी टॅक्सीचे रंग समजून घ्यावेत. या पांढऱ्या मिनीबस असतात आणि अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून त्यांचा विभाग कळतो. पोर्ट ऑफ स्पेन आणि त्याच्या पश्चिमेकडे पिवळा पट्टा, पूर्वेकडे क्युरेप आणि अरिमाच्या दिशेने लाल, चग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे हिरवा. लाल आणि हिरव्या पट्ट्याच्या गाड्या राजधानीतल्या सिटी गेट या स्थानकावरून सुटतात. सॅन फर्नांडोहून डेबेकडे ठरलेल्या मार्गावर माणसे गोळा करत जाणाऱ्या टॅक्सी मिळतात. अधिकृत टॅक्सीच्या नंबरप्लेटची सुरुवात एच अक्षराने होते. पी अक्षराच्या खासगी गाड्याही प्रवासी घेतात आणि स्थानिक लोक त्यांत बसतात, पण नवख्याने ते टाळावे. अंधार पडल्यावर राजधानीच्या मध्यवर्ती भागात पायी फिरणेही टाळावे. शहरात गुन्हेगारी आहे आणि त्याबाबत तिथले लोक पाहुण्यापेक्षा जास्त सावध असतात.

याचा अर्थ संध्याकाळी खोलीत बसावे असा होत नाही. क्वीन्स पार्क सव्हाना या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला संध्याकाळी शहाळी, मक्याच्या कणसांचे दाट सूप आणि भाजलेली कणसे विकणारे जमतात आणि सहकुटुंब आलेली माणसे तिथे तासन्‌तास उभी असतात. शहराच्या पश्चिमेकडच्या सेंट जेम्स भागातला वेस्टर्न मेन रोड तर रात्री उशिरापर्यंत जागा असतो. काही काम नसताना माणसांसोबत वेळ घालवण्याला तिथे ‘लाइमिंग’ म्हणतात, आणि खाण्याचे खरे पत्ते लाइम करतानाच कानावर पडतात.

पत्ता विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘इथले चांगले रेस्टॉरंट कोणते?’ असे विचारले की समोरचा माणूस पाहुण्याची सोय मनात धरून वातानुकूलित जागेचे नाव सांगतो. त्याऐवजी ‘तुम्ही स्वतः सकाळी डबल्स कुठे खाता?’ असे विचारावे. प्रश्नात पदार्थ हवा, वेळ हवी आणि ‘तुम्ही’ हवे. टॅक्सीत तीन-चार सहप्रवासी असतील तर हा प्रश्न मोठ्याने विचारावा, कारण पहिल्याने सांगितलेल्या नावाला दुसरा हमखास आक्षेप घेतो आणि त्या वादात दोन-तीन उपयोगी नावे पदरात पडतात. वयस्क बाईंना आदराने ‘आंटी’ म्हटलेले चालते, पण दुकानात शिरताना अभिवादन न करता थेट प्रश्न टाकणे उद्धटपणाचे मानले जाते.

जागा पारखताना पाटीपेक्षा गिऱ्हाईक पाहावे. शाळेच्या गणवेशातली मुले, पोलीस आणि कामगार एकाच रांगेत दिसले तर निर्धास्त उभे राहावे. अन्न हाताळणाऱ्यांना तिथे आरोग्य खात्याकडून फूड बॅज घ्यावा लागतो. तो विक्रेत्याच्या छातीवर दिसला तर बरेच. रोख पैसे सुट्टे ठेवावेत. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर पडतात आणि दोन्ही चलनांना लोक नुसते ‘डॉलर’ म्हणतात, म्हणून मोठी रक्कम ऐकू आली तर कोणते डॉलर ते विचारून घ्यावे.

वार पाहून खायचे ते शनिवार-रविवारी. शनिवार हा सूपचा दिवस, आणि सकाळी सांता क्रूझच्या खोऱ्यात भरणाऱ्या ग्रीन मार्केटमध्ये शेतमालासोबत न्याहारीही मिळते. सुट्टीच्या दिवशी उत्तर किनाऱ्यावरच्या माराकास बेला जाऊन बेक अँड शार्क खाणे हा तिथल्या लोकांचाही कार्यक्रम असतो. बेक म्हणजे तळलेला फुगीर पाव. त्यात तळलेला मासा घालून देतात आणि पुढच्या टेबलावरच्या लसूण, चिंच, शॅडो बेनी अशा चटण्या आपण हव्या तशा घालून घ्यायच्या. शार्कच्या अनेक जाती संकटात आहेत, म्हणून किंगफिश किंवा दुसरा एखादा मासा मागावा. चटण्यांपुढे चवीत फारसा फरक उरत नाही.

रविवारी दुपारी मात्र बरीच दुकाने बंद मिळतात, कारण त्या दिवशीचे मोठे जेवण घरी होते. भात, कलालू, मॅकरोनी पाय आणि मुरवलेली कोंबडी हा बेत त्या दिवशी घराघरांत शिजतो. आठवडाभरात कुणाशी बोलणे वाढले असेल आणि त्याने रविवारी घरी बोलावले, तर आढेवेढे घेऊ नयेत. जाताना थंड पेये किंवा आइस्क्रीम न्यावे, काय खात नाही ते आदल्या दिवशीच सांगून ठेवावे आणि संध्याकाळचे दुसरे काही ठरवू नये, कारण असे जेवण दोन तासांत आटोपत नाही.