कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: पैसे परत कसे मिळवायचे

कर्ज मंजूर होते, सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि त्यातच एक विम्याचा अर्ज असतो. "हा कम्पल्सरी आहे, याशिवाय फाईल पुढे जात नाही" असे सांगितले जाते. घराचा व्यवहार अडकलेला असतो, बिल्डरची तारीख डोक्यावर असते, माणूस सही करून मोकळा होतो. प्रीमियम खिशातून जात नाही, कर्जातच मिसळला जातो, म्हणून तो पटकन जाणवतही नाही.

जाणवायला हवा. ३० लाखांच्या गृहकर्जात १ लाख २० हजारांचा एकरकमी प्रीमियम मिसळला, व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर नुसत्या त्या प्रीमियमपोटी हप्ता महिन्याला सुमारे १,०८० रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत त्या १ लाख २० हजारांचे जवळजवळ २ लाख ५९ हजार भरून होतात.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कर्ज घेणाऱ्याने जीवन विमा घेतलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बँकेमार्फत विमा घेणे पूर्णपणे ऐच्छिक असले पाहिजे आणि ठरावीक कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती बँकेने करू नये, हे रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीपासून सांगितले आहे. तारण ठेवलेल्या घराचा आगीपासूनचा विमा किंवा गाडीचा विमा ही वेगळी बाब. तो काढण्याची अट करारात असू शकते, गाडीचा थर्ड पार्टी विमा तर कायद्यानेच लागतो. पण तोही कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचे.

विमा आहे का, आणि कोणता

मंजुरीपत्र, खातेउतारा आणि 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाचे व्याज, शुल्के आणि अटी एका जागी सांगणारा कागद) हे तीन कागद शेजारी ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना हे स्टेटमेंट देणे सक्तीचे आहे. विम्यासारखे जे पैसे बँक दुसऱ्या कंपनीसाठी घेते, तेही त्यात दाखवावे लागतात आणि वार्षिक टक्केवारीत, म्हणजे व्याज आणि शुल्के मिळून कर्जाच्या वर्षाच्या एकूण दरात, धरावे लागतात. त्यात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विम्याची रक्कम तिथे नसेल आणि खातेउताऱ्यात मात्र वळती झालेली असेल, तर तुमच्या तक्रारीचा सर्वात भक्कम मुद्दा हाच.

उताऱ्यात कर्जवाटपाच्या दिवसाच्या नोंदी बघा. मंजूर ३१ लाख २० हजार, बिल्डरला गेले ३० लाख, तर मधले १ लाख २० हजार कुठे गेले? त्या ओळीवर बहुधा 'इन्शुरन्स', 'प्रीमियम' किंवा 'सुरक्षा' असे काहीतरी त्रोटक लिहिलेले असते. कळत नसेल तर त्या नोंदीचा तपशील शाखेकडे लेखी मागा.

नंतर पॉलिसीचा प्रकार ओळखा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. गृहकर्ज आणि वैयक्तिक कर्जासोबत बहुतेक वेळा गट विमा असतो. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुमच्या हातात फक्त 'सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स'. दुसऱ्या प्रकारात स्वतंत्र पॉलिसी तुमच्या नावावर असते. यात सगळ्यात मोठी फसगत होते: "एकदाच भरायचे" म्हणून दिलेली पॉलिसी प्रत्यक्षात दहा-बारा वर्षे दरवर्षी प्रीमियम भरायची बचत योजना किंवा युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली विमा योजना) निघते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'प्रीमियम पेइंग टर्म' या शब्दांपुढचा आकडा वाचा. तिथे १० लिहिले असेल तर पुढच्या वर्षी त्याच तारखेला तुमच्या बचत खात्यातून पैसे आपोआप वळते होतील. तिसरा प्रकार अपघात, आजारपण किंवा नोकरी गेल्यास हप्ते भरणाऱ्या विम्याचा. तो सर्वसाधारण विमा कंपनीचा असतो.

पहिले ३० दिवस

जीवन विमा पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून, ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. यात फसवणूक झाली हे सिद्ध करावे लागत नाही. कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापते, बाकी रक्कम परत देते. मुदत संपल्यावर याच रकमेसाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून पॉलिसीचे पाकीट किंवा ई-मेल आला की त्याच दिवशी उघडा.

मुदत मोजली जाते ती पॉलिसी तुम्हाला मिळाल्यापासून, पैसे कापल्यापासून किंवा सही केल्यापासून नव्हे. आणि नेमकी इथेच गडबड होते. पॉलिसी शाखेतल्या टेबलावर पडून राहते, किंवा अर्जात विक्रेत्याने स्वतःचाच ई-मेल टाकलेला असतो. पॉलिसी मिळालीच नसेल तर विमा कंपनीला लिहा: "पॉलिसी कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर पाठवली, त्याचा पुरावा द्या." पाकीट आले असेल तर त्यावरच्या पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या शिक्क्यासकट फोटो काढून ठेवा.

रद्द करण्याची विनंती विमा कंपनीला करायची असते. शाखेत तोंडी सांगून भागत नाही, "आम्ही वर कळवतो" यात तुमचे दिवस जातात. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ई-मेलवर पाठवा, बँकेला प्रत द्या आणि जमल्यास विमा कंपनीच्या जवळच्या कार्यालयात एक प्रत नेऊन तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. मजकूर इतकाच पुरे:

"पॉलिसी/सर्टिफिकेट क्रमांक …, कर्ज खाते क्रमांक …. सदर पॉलिसी मला दि. … रोजी मिळाली. तिच्या अटी मला मान्य नाहीत. फ्री लूक तरतुदीनुसार ती रद्द करून परताव्याची रक्कम आणि कपातींचा तपशील लेखी द्यावा. ही विनंती मिळाल्याची तारीख व तक्रार क्रमांक कळवावा."

सोबत पॉलिसीची प्रत, ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश. कारणांचे पुराण लिहू नका, जितके लिहाल तितके प्रश्न परत येतात.

पत्र गेल्यावर दोन फोन येतात. एक विमा कंपनीकडून: "तीन वर्षे ठेवा, मग दुप्पट मिळतील." दुसरा शाखेतून: "विमा रद्द केला तर कर्ज रद्द होईल, व्याज वाढेल." दोघांनाही एकच उत्तर द्या, "हे ई-मेलवर लिहून पाठवा." बहुतेक वेळा तो ई-मेल येत नाही. मात्र मंजुरीपत्र नीट वाचलेले असू द्या. विमा घेतल्याबद्दल व्याजात सवलत दिल्याचे त्यात खरेच लिहिले असेल तर ती सवलत जाऊ शकते. किती जाते आणि प्रीमियमवर किती वाचते, याचा हिशेब करून मग ठरवा.

कमावते तुम्ही एकटेच असाल आणि दुसरा काहीच विमा नसेल, तर आधी स्वतःचा टर्म विमा घ्या, तो चालू झाल्याचे कागद हातात येऊ द्या आणि मगच कर्जासोबतचा रद्द करा. मध्ये एक दिवसही मोकळा ठेवू नये. टर्म विम्याला वैद्यकीय तपासणीमुळे वेळ लागतो, म्हणून ही कामे पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

परतावा येतो, पण कुठे?

प्रीमियम कर्जातून गेला असेल तर परतावा बहुधा बँकेकडे, कर्ज खात्यात येतो. तो तिथे नुसता पडून राहू नये. पैसे आल्यावर नवा खातेउतारा काढा आणि मुद्दल तेवढ्याने कमी झाले का ते पाहा. ती रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ जमा धरली असेल, तर ती मुद्दलात वळती करा असे लेखी द्या आणि हप्ता कमी हवा की मुदत, तेही लिहा. मुदत कमी केल्यास व्याज जास्त वाचते.

दरवर्षीच्या प्रीमियमची पॉलिसी असेल तर खात्यावरची 'नाच' (एनएसीएच, ठरलेल्या तारखेला खात्यातून पैसे आपोआप वळते करण्याची व्यवस्था) किंवा ऑटो-डेबिट परवानगीही वेगळा अर्ज देऊन रद्द करा. पॉलिसी बंद झाली तरी ती आपोआप थांबेल असे धरून चालू नका.

३० दिवस उलटून गेले असतील तर

आता "मला नको" एवढे पुरत नाही. चुकीचे सांगून किंवा सक्तीने विकले, हे कागदावर दाखवावे लागते. सर्वात बोलका कागद म्हणजे प्रस्ताव अर्ज. त्याची प्रत पॉलिसीसोबत जोडलेली असते, नसेल तर मागून घ्या. एकेक रकाना तपासा. सही तुमची आहे का? मोबाइल आणि ई-मेल कोणाचा? वार्षिक उत्पन्न फुगवून लिहिले आहे का? मधुमेह किंवा रक्तदाबाचे औषध चालू असताना आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' लिहिले आहे का? निवृत्त माणसाच्या व्यवसायापुढे 'नोकरी' आहे का? यातला प्रत्येक खोटा रकाना विक्री कशी झाली ते सांगतो. आरोग्याचे खोटे उत्तर तर पुढे दावा नाकारण्याचे निमित्त होते, म्हणून पॉलिसी ठेवायची असली तरी ते दुरुस्त करून घ्या.

दुसरा पुरावा पडताळणीच्या फोनचा. पॉलिसी देण्याआधी कंपनी फोन करते आणि विक्रेता आधीच शिकवून ठेवतो, "सगळ्याला हो म्हणा." कंपनी पुढे त्याच 'हो'वर बोट ठेवते. म्हणून ते ध्वनिमुद्रण मागा. प्रीमियम दरवर्षी भरायचा आहे, विमा कर्जाला सक्तीचा नाही, हे त्यात स्पष्ट विचारले होते का ते ऐका. विक्रेत्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपून ठेवा. कर्ज मंजुरी, विम्याची सही आणि कर्जवाटप या तीन तारखा एका ओळीत मांडा. तिन्ही एकाच दिवसाच्या असतील तर सक्तीचा मुद्दा आपोआप उभा राहतो. बँक सरकारी असेल तर १० रुपये भरून माहिती अधिकारात स्वतःच्या कर्ज फाईलच्या प्रती मागता येतात.

तक्रार दोन वाटांनी जाते. विमा कंपनीविरुद्ध आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. दोन आठवड्यांत समाधान झाले नाही तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. तिथे तक्रारीचा पाठपुरावा होतो, निवाडा मात्र होत नाही. निवाड्यासाठी विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यातही लोकपालांची कार्यालये आहेत. कंपनीने नकार दिल्यावर, किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही तर, एका वर्षाच्या आत तिथे जायचे. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. उलटा क्रम मात्र चालत नाही: त्याच विषयावर ग्राहक आयोगात प्रकरण दाखल असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, आणि विम्यासाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

बँकेविरुद्धची वाट वेगळी. सक्ती केली, संमतीशिवाय पैसे वळते केले, की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये दाखवले नाहीत, या तक्रारी आधी बँकेकडे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे 'सीएमएस' पोर्टलवर, माहितीसाठी १४४४८. कर्ज हाऊसिंग फायनान्स कंपनीचे असेल तर नॅशनल हाऊसिंग बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर. बँकेच्या तक्रारीत पॉलिसीच्या अटी आणि विमा कंपनीच्या तक्रारीत व्याजाचा हिशेब घातला की दोघेही "हे आमच्याकडे नाही" म्हणून हात झटकतात. दोन अर्ज वेगळे लिहा. मागणी आकड्यात लिहा: प्रीमियम किती, कर्ज खात्यात त्यावर आजवर लागलेले व्याज किती, एकूण किती परत हवे.

क्रेडिट कार्डावर विमा लावायचा तर कार्ड कंपनीने लेखी किंवा डिजिटल स्पष्ट संमती आणि नॉमिनीचा तपशील घेतला पाहिजे. म्हणून तक्रारीत दोनच प्रश्न विचारा: माझी संमती दाखवा, आणि नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते सांगा. नॉमिनीचा रकाना रिकामा असेल तर संमती कशी घेतली हे त्यांनाच समजावून सांगावे लागते. बिलाची तारीख जवळ असेल तर वादातली रक्कम लेखी कळवा, बाकीचे बिल मात्र वेळेवर भरा.

तक्रार नोंदवल्यावर "तुमचा परतावा मंजूर आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा" असे फोन येऊ लागले तर ते भामट्यांचे समजा. नियामक किंवा लोकपाल परताव्यासाठी पैसे मागत नाहीत.

कर्ज मुदतीआधी फेडत असाल तर एकरकमी प्रीमियमच्या गट विम्यातले उरलेल्या वर्षांचे पैसे सोडू नका. ते किती मिळतील याचे सूत्र सर्टिफिकेटवर 'सरेंडर' (मुदतीआधी विमा परत करणे) या मथळ्याखाली असते. बँक ते स्वतःहून क्वचितच सांगते, म्हणून कर्ज बंद करण्याच्या अर्जासोबतच सरेंडरचा अर्ज विमा कंपनीला द्या. कर्जच उरलेले नाही, तेव्हा रक्कम तुमच्या बचत खात्यात मागा आणि नाहरकत पत्राची प्रत जोडा.