धानाच्या ड्रायरवरील थर्मोकपल चुकीचे तापमान दाखवतो तेव्हा: या चुका टाळा

गोंदिया-भंडारा भागातील उसना राइस मिलमध्ये ड्रायरच्या तापमानाचा आकडा पटेनासा झाला की बहुधा आधी थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) बदलला जातो. दोष मात्र अनेकदा त्याच्या दुसऱ्या टोकाशी, म्हणजे पॅनेलमधील टर्मिनलपाशी असतो. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातील फरकानुसार अत्यल्प व्होल्टेज देतो. के-प्रकारात (थर्मोकपलच्या एका प्रमाणित प्रकारात) ते दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असते. डेटा लॉगर (तापमान मोजून नोंदवणारे यंत्र) त्यात टर्मिनलच्या तापमानाची भर घालून अंतिम आकडा काढतो. म्हणून टर्मिनलचे तापमान ५ अंशांनी चुकीचे धरले गेले, तर ड्रायरचा आकडाही जवळपास तेवढाच चुकतो.

मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमधील बंद पॅनेल त्याहून अधिक तापते. पॅनेल तापल्याने लगेच चूक होते असे नाही; टर्मिनल आणि त्याचे तापमान मोजणारा लॉगरमधील सेन्सर यांच्यात फरक पडला की चूक होते. त्यामुळे लॉगर पॉवर सप्लायला लागून बसवू नये, आणि पंख्याचा झोत थेट टर्मिनलवर सोडू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ड्रायरपासून पॅनेलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढणे. ड्रायरवरील जोडपेटी ५५ अंशांवर आणि पॅनेल ३५ अंशांवर असेल, तर आकडा २० अंशांनी कमी दिसतो, आणि चालक तो खरा मानून आच वाढवतो. थर्मोकपलच्याच प्रकाराची कॉम्पेन्सेटिंग केबल (त्याच्यासारखेच व्होल्टेज देणाऱ्या तारांची) वापरली, पण ती दोन्ही टोकांना उलटी जोडली, तर हीच चूक दुप्पट, म्हणजे ४० अंशांची होते. येथे रंग फसवतात: अमेरिकन पद्धतीत लाल तार ऋण असते व के-प्रकारात पिवळी धन, तर आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानक) पद्धतीत हिरवी धन व पांढरी ऋण. विजेच्या कामात लाल म्हणजे धन, अशी सवय असलेल्या हातांकडून ही जोडणी हमखास उलटते. शंका असल्यास चुंबक लावून पाहावे. के-प्रकाराच्या थर्मोकपलची ऋण तार चुंबकाला ओढली जाते, धन तार ओढली जात नाही. दुपारी आणि पहाटे चूक वेगवेगळी येत असेल, तर पहिला संशय याच केबलवर घ्यावा.

दोष कोठे आहे हे ठरवण्यासाठी थर्मोकपल सोडवून लॉगरच्या त्याच दोन टर्मिनलांना तांब्याच्या आखूड तारेने जोडावे. तेव्हा लॉगरने टर्मिनलजवळचे तापमान दाखवले पाहिजे. ते बरोबर आले, तर दोष थर्मोकपलमध्ये किंवा केबलमध्ये आहे; चुकले, तर लॉगरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये.

सेटिंगमध्ये निवडलेला प्रकार आणि बसवलेला थर्मोकपल एकच आहे ना, हे अवश्य पाहावे. लॉगर स्वतः तयार केला असेल, तर इनपुटची मर्यादाही तपासावी. १२० अंशांवर के-प्रकाराचे व्होल्टेज शून्य अंशाच्या तुलनेत सुमारे ४.९ मिलीव्होल्ट असते. ५ व्होल्टच्या १०-बिट इनपुटची एक पायरीच (मोजता येणारा सर्वांत लहान फरक) तेवढी असल्याने असे इनपुट थेट जोडणे निरर्थक ठरते. १६-बिट मोजणी आणि ०.२५६ व्होल्टची मर्यादा घेतली, तर पायरी ०.२ अंशांहूनही लहान होते.

थर्मोकपलचे टोक हवेच्या प्रवाहात पुरेसे आत हवे. आवरणाच्या व्यासाच्या किमान दहापट खोली धरावी, नाहीतर डक्टच्या भिंतीचे तापमानही मोजणीत मिसळते. आकडा सतत थरथरत असेल, तर केबल मोटारच्या तारांपासून दूर न्यावी व तिची शील्ड (तारांवरील धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करावी.

शेवटी थर्मासमध्ये स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा चुरा व थोडे पाणी ढवळून त्यात टोक बुडवावे. आकडा ० च्या जवळ यायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा ठेवू नये. सुमारे ३०० मीटर उंचीवरील गोंदियात पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, आणि अचूकतेच्या दुसऱ्या श्रेणीच्या के-प्रकाराला या टप्प्यात २.५ अंशांची सूट मानकातच दिलेली आहे.