सायकलस्वाराने लेनमध्ये नेमके कुठे राहावे

सायकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला “कडेकडेने जा” हा सल्ला मिळतो आणि तो काळजीपोटीच दिलेला असतो; तरीही नाशिकच्या गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर अगदी काठाला चिकटून चालल्याने धोका कमी होत नाही, उलट वाढतो. काठाला चेंबरची खचलेली झाकणे, वाळू आणि पावसाळ्यात साचलेले पाणी असते. ते चुकवण्यासाठी सायकलस्वार ऐनवेळी उजवीकडे सरकतो आणि मागून येणाऱ्या चालकाला त्याची काहीच कल्पना नसते. शिवाय सायकल काठावर दिसली की लेन न बदलताच आपण पुढे निघून जाऊ, असे चालकाला वाटू लागते.

तेवढी जागा खरोखर असते का, हे साध्या बेरजेने कळते. शहरी रस्त्यावरील एक लेन साधारणपणे ३.५ मीटर रुंद धरली जाते. मोटारीची रुंदी सुमारे १.७ मीटर, सायकलच्या हँडलची ०.६ मीटर, काठापासून सोडायचे अंतर ०.५ मीटर आणि ओलांडताना दोघांमध्ये हवे असलेले अंतर १.५ मीटर धरले, तर बेरीज ४.३ मीटर होते. मोटारीच्या जागी सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची बस असेल, तर बेरीज पाच मीटरच्याही पुढे जाते. म्हणजे एका लेनमध्ये सायकल आणि मोटार शेजारी शेजारी सुरक्षितपणे मावतच नाहीत, आणि सायकलस्वाराने कितीही अंग चोरले तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून रस्ता रुंद असेल आणि मागच्या वाहनाला सहज पुढे जाता येत असेल, तेव्हा काठापासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालावे. रस्ता अरुंद असेल, पुढे वळण असेल किंवा चौक जवळ आला असेल, तर सर्वांत डावी लेन न सोडता तिच्या मध्यावर यावे. रविवार कारंजा परिसरातील गल्ल्यांत वाहनांचा वेग मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे मध्यावरून चालणे अवघड नाही. मागून हॉर्न वाजेल. पण हॉर्न वाजला याचा अर्थ चालकाने आपल्याला पाहिले आहे. पुढे रुंद जागा मिळताच डावीकडे होऊन त्याला वाट द्यावी. हे सौजन्य मला नियमाइतकेच महत्त्वाचे वाटते.

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींबाबत मात्र सवलत घेऊ नये. चालकाचा दरवाजा उजवीकडे, म्हणजे आपल्या वाटेत उघडतो आणि सुमारे एक मीटर जागा व्यापतो. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, त्यामुळे दरवाजा उघडलेला दिसल्यावर ब्रेक लावायला वेळ उरत नाही. हँडलच्या डाव्या टोकापासून मोटारीपर्यंत किमान सव्वा मीटर अंतर ठेवावे. दोन मोटारींमधील मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येण्याचा मोह टाळावा, कारण अशा वेळी सायकल मागच्या चालकाला क्षणभर दिसेनाशी होते.

चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नये. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि तिथे उभा असलेला सायकलस्वार चालकाला आरशात दिसेलच असे नाही. अशा वाहनाच्या मागेच, लेनच्या मध्यावर थांबावे. दिंडोरी रोडवर द्राक्षे किंवा टोमॅटो वाहणारे ट्रॅक्टर भेटतात, तिथे आणखी एक काळजी घ्यावी लागते: ट्रॉली अनेकदा ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते, म्हणून ट्रॅक्टर पुढे गेला तरी ट्रॉलीचे शेवटचे टोक जाईपर्यंत आपली रेषा सोडू नये.

उजवीकडे वळायचे असेल, तर तयारी चौकाच्या बरीच आधी सुरू करावी. प्रथम खांद्यावरून मागे पाहावे, मग उजवा हात आडवा धरावा, पुन्हा पाहावे आणि जागा मिळाल्यावरच एकेक लेन ओलांडावी. मागे वळून पाहताना हँडल वाकडे होत असेल, तर याचा सराव आधी मोकळ्या मैदानावर करावा. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या ठिकाणी, जिथे अनेक दिशांनी अवजड वाहने येतात, तिथे सायकलवरून थेट उजवीकडे वळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे; उतरून पादचाऱ्यांसोबत दोन टप्प्यांत रस्ता ओलांडावा.

मुंबई–आग्रा महामार्गावर लेनच्या मध्यावर येण्याचा नियम लागू नाही, कारण तिथे वेगांतील फरक फार मोठा असतो. तिथे सर्व्हिस रोड असेल तर तो वापरावा, नसेल तर डांबरी साइडपट्टीवरून एकेरी रांगेत चालावे आणि साइडपट्टी संपण्याआधी मागे पाहूनच लेनमध्ये यावे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळीला सायकलने ये-जा करणाऱ्यांनी मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर लावावेत, कारण लेनमधील योग्य जागेचा उपयोग चालकाला सायकल लांबून दिसली तरच होतो.