म्हाताऱ्या उपग्रहाची नाडी कशी बघावी

मेघा-ट्रॉपिक्स हा भारत-फ्रान्सचा हवामान उपग्रह 2011 मध्ये तीन वर्षांसाठी गेला आणि मार्च 2023 मध्ये त्याला ठरवून वातावरणात उतरवलं. इतकं टिकवायचं तर रोज नाडी बघावी लागते.

शिकाऊ मुलांना मी पहिलं सांगते, पडद्यावर आकडा हिरवा दिसला म्हणून उठू नका. गेल्या वर्षीच्या याच आठवड्याचा आलेख शेजारी लावा. जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असते, ऊन जुलैपेक्षा सुमारे 7 टक्के जास्त. जूनमध्ये सौर पॅनेलचा करंट उतरला म्हणजे पॅनेल थकलं असं नाही.

मग बॅटरी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. मेघा-ट्रॉपिक्सच्या 867 किलोमीटर उंचीवर दिवसाला 14 फेऱ्या, प्रत्येकीत साधारण अर्धा तास पृथ्वीची सावली, तेव्हा सगळा भार बॅटरीवर, म्हणजे वर्षाला पाच हजारांवर चार्जिंग. सावलीतून बाहेर पडतानाचं व्होल्टेज रोज वहीत लिहा. मी अजून कागदी वहीच वापरते; हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो.

रिअ‍ॅक्शन व्हील म्हणजे उपग्रहाची दिशा सांभाळणारं फिरतं चाक. त्याचा वेग तोच, पण करंट आणि तापमान चढतंय? घर्षण वाढतंय. त्याच दिवशी वरिष्ठांना कळवा.

कमांड पाठवली की टेलिमेट्रीत, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या माहितीत, पोच दिसेपर्यंत थांबा. घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका.