भाजी सुकली की सडली? पालेभाज्यांच्या बाबतीत या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो. आठवडी बाजारातून आणलेली मेथीची जुडी घरी पोचेपर्यंत मान टाकते आणि शिळी समजून गुरांपुढे जाते. बरीच भाजी वाया जाते ती याच चुकीमुळे.

पानाच्या पेशीत रिक्तिका नावाची पाण्याने भरलेली पिशवी असते. वाढ पुरी झालेल्या पेशीत बहुतेक जागा तिचीच. तिचा दाब आतून पेशीभित्तिकेवर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर, पडतो, म्हणून पान ताठ राहतं. उन्हानं पाणी उडालं की दाब उतरतो, पण पेशीचं पातळ पटल शाबूत असेल तर पाणी परत आत जातं. देठांची टोकं कापून जुडी गार पाण्यात अर्धा तास उभी ठेवा. तासाभरानेही ताठ झाली नाही, तर पटलं फाटली आहेत असं समजा.

दुसरी चूक याच्या उलट: भाजीवर पाणी मारून पिशवीचं तोंड आवळून ठेवणं. तोडलेली भाजीही श्वसन करत असते. कोंडली की ती आतून गरम होते आणि ओल्या पानांवर जिवाणू वाढतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन ते विरघळवतात. कोथिंबिरीचा तो बुळबुळीत लगदा इथूनच येतो. तो धुऊनही नीट होत नाही. तेवढ्या काड्या काढून टाका, बाकीची वाचेल. भाजी न धुता, माती झटकून, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

पिवळेपणाचं कारण वेगळं. हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, मोडू लागतात, त्यांतलं हरितद्रव्य जातं आणि आधीपासूनच असलेलं पिवळं रंगद्रव्य दिसू लागतं. पिकलेल्या केळ्या-आंब्यांतून निघणारा इथिलीन वायू हे काम लवकर करतो. म्हणून केशर आंब्याच्या पाटीशेजारी पालक, शेपू ठेवू नका. पिवळं पडलेलं पान पाण्यात ठेवून हिरवं होत नाही.

भेंडी, गवार जून झाली की भित्तिकांमध्ये लिग्निन नावाचं लाकडासारखं कडक द्रव्य साठतं. ते शिजून मऊ होत नाही, शिट्ट्या कितीही काढा. भेंडी घेताना तिचा शेंडा मोडून पाहा. आणि भेंडी फ्रीजच्या अगदी गार कप्प्यात ठेवू नका. साधारण ७ अंशांखाली तिची पटलं बिघडतात आणि डाग पडतात.

जुनी भाजी हिरवी दिसावी म्हणून चिमूटभर सोडा टाकणं मला अजिबात पटत नाही. रंग टिकतो, पण भित्तिका विरघळून भाजीचा गिचका होतो आणि क जीवनसत्त्वही जातं. त्याऐवजी पहिली काही मिनिटं झाकण न ठेवता शिजवा. भाजीतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात आणि हिरवा रंग बराचसा टिकतो.