वॉलपेपर सुटतोय? भिंत तयार करताना या चुका टाळा

वॉलपेपर सुटू लागला की पहिला संशय खळीवर जातो, दुसरा कागदावर. भिंतीला कोणी दोष देत नाही. माझ्या खोलीतला एक पट्टा दुसऱ्यांदा खाली आला, तेव्हा मीही खळीलाच नावं ठेवत होते. मग तो उलटा करून पाहिला. खळीला डिस्टेंपरचा सलग पापुद्रा चिकटून आला होता. म्हणजे खळीने कागदही घट्ट धरला होता आणि डिस्टेंपरही. भिंत सोडली होती ती डिस्टेंपरने. तेव्हापासून सुटलेला वॉलपेपर दिसला की मी आधी त्याची पाठ बघते.

पाठीवर रंगाचे पापुद्रे किंवा पांढरी भुकटी असेल तर भिंतीचा वरचा थर कच्चा होता. खळ सुकून कोरडी ठणठणीत, हाताने झाडली तरी पडते आहे, तर भिंतीने खळीतलं पाणी लगेच पिऊन टाकलं. दोन-तीन दिवस झाले तरी खळ चिकटच आहे, तर खालची भिंत पाणी अजिबात शोषत नाही किंवा तिच्यातच ओल आहे. आणि खळ कागदाच्या पाठीवरच राहून, भिंत स्वच्छ ठेवून कागद सालीसारखा अलगद निघाला, तर खाली बहुधा गुळगुळीत ऑइल पेंट आहे.

हे असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. खळीतल्या पाण्याने साधा कागद फुगतो आणि सुकताना आक्रसतो. आक्रसताना तो खालच्या थराला ओढतो, आणि ही ओढ सगळ्यात जास्त कडांवर बसते, म्हणून जोडच आधी उघडतात. गिलावा, पुट्टी, जुना रंग, प्रायमर या सगळ्यांना ती ओढ सोसावी लागते. यातला जो थर सगळ्यात कच्चा, तिथून कागद सुटतो, मग वर कितीही महागडी खळ लावा. नॉन-वोव्हन (न विणता, तंतू एकत्र दाबून बनवलेला) कागद फारसा फुगत नाही, त्यामुळे तिथे ओढ कमी असते. पण भुसभुशीत रंगावर तोही टिकत नाही.

चूक: भिंत नुसती डोळ्यांनी बघणे

तीन चाचण्या करा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. कोरडा तळहात भिंतीवर दाबून घासा. हाताला पांढरं लागलं तर चुना किंवा डिस्टेंपर सुटतंय. मग ओल्या बोटाने चार-दोन थेंब पाणी उडवा. थेंब क्षणात जिरले तर भिंत तहानलेली आहे, ओघळून खाली आले तर ती पाणी घेतच नाही. शेवटी ब्लेडने रंगावर बारीक फुली मारा, तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर कागदाबरोबरही येणारच.

चुना आणि डिस्टेंपर यांच्याबाबत मी तडजोड करत नाही. त्यांच्यावर प्रायमर मारून भागवायचा मोह होतो, पण प्रायमर वरच्या भुकटीलाच धरतो आणि ती भुकटी भिंतीला धरून नसते. कोमट पाणी आणि स्पंज घेऊन थर भिजवायचा, पात्याने खरवडायचा, पुन्हा पुसायचा. कंटाळवाणं काम आहे, हात दुखतात, खाली चिखल होतो. तरीही हेच करावं लागतं. धुण्याआधी त्या भिंतीवरच्या स्विचबोर्डची वीज मेन स्विचवरून बंद करा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका; पाणी लावून घासा आणि तोंडाला मास्क लावा.

चूक: ओल झाकणे

ओल्या भिंतीवर कागद लावला की डाग दिसेनासा होतो आणि काही दिवस बरं वाटतं. पण आत बुरशी वाढत राहते, आणि कळतं तेव्हा कागदाला काळे ठिपके पडून खोलीत कुबट वास भरलेला असतो.

संशय असेल तर हातभर रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलेलं दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर खोलीतली हवाच दमट आहे. दुसऱ्या अडचणीवर खिडकी उघडी ठेवणं, हवा खेळती ठेवणं हा उपाय आहे. पहिलीवर मात्र कोणताही प्रायमर उपाय नाही. गळका पाइप, बाहेरची तडा गेलेली भिंत, वरच्या मजल्याचं न्हाणीघर, जे काही असेल ते आधी दुरुस्त करायचं आणि मग भिंत सुकू द्यायची.

लोणा लागलेल्या भिंतीवर पांढरा खार फुटतो. तो पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा. बुरशी मात्र धुवावी लागते. त्यासाठी ब्लीच वापरणार असाल तर खिडक्या उघडा आणि त्यात अमोनिया किंवा आम्लाचा क्लीनर मुळीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

चूक: नव्या गिलाव्याची घाई

सिमेंटच्या गिलाव्याचे क्युरिंगचे म्हणून 28 दिवस धरतात. पण ताकद येणं वेगळं आणि पूर्ण सुकणं वेगळं. दमट हवेत सुकायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय ताजा गिलावा अल्कधर्मी असतो. ओलीबरोबर हा अल्क वर येऊन कागदाचा रंग उतरवतो, सोनेरी-चंदेरी छपाई काळवंडते. भिंत पूर्ण सुकू द्या आणि मग अल्क-रोधक प्रायमर मारा.

चूक: पुट्टी घासून धूळ तशीच सोडणे

ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. भिंत 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, झाडूने वरवर झाडली आणि लगेच रोलर हातात घेतला. त्या बारीक पिठावर प्रायमरला पकडच मिळत नाही. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि भिंत सुकू द्या.

घासून झाल्यावर खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा प्रकाश टाका. सरळ उजेडात न दिसणारा प्रत्येक उंचवटा आणि ओरखडा दिसेल. चकाकणाऱ्या कागदाखाली तर हे सगळं उठून दिसतं.

चकचकीत ऑइल पेंट चांगला टिकून असेल तर तो काढायची गरज नाही. डिटर्जंटच्या पाण्याने तेलकटपणा धुवा, साध्या पाण्याने पुसून घ्या, आणि 120 नंबरच्या पेपरने चमक मरेपर्यंत घासा.

चूक: हाताशी असेल तो प्रायमर

रंगाखाली लावायचा प्रायमर आणि वॉलपेपरचा प्रायमर यांचं काम वेगळं आहे. वॉलपेपरच्या प्रायमरवर खळ बेताने सुकते, कागद सरकवून जोड जुळवायला वेळ मिळतो, आणि पुढे कधी कागद बदलायचा झाला तर खालची भिंत उखडून येत नाही. जिप्सम बोर्डवर तर याला पर्यायच नाही. तिथे प्रायमर टाळला तर कागद काढताना बोर्डाचा वरचा पुठ्ठाही सोलून निघतो.

पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद पाण्यात कालवून भिंतीला मारायचा सल्ला खूप जण देतात. कृपा करून तसं करू नका. खळीचं पाणी लागलं की तो थर पुन्हा मऊ होऊ शकतो आणि कागद त्याच्यासकट घसरतो. जुन्या पद्धतीप्रमाणे वॉलपेपरचीच खळ पातळ करून एक हात मारणं त्यापेक्षा चांगलं. पाणी शोषणाऱ्या पण मजबूत भिंतीवर ते चालून जातं.

गडद रंगाचा कागद असेल तर प्रायमरमध्ये त्याच रंगाची छटा मिसळून घ्या. कागद आक्रसून जोडात केसाएवढी फट पडली तरी पांढरी रेघ दिसणार नाही. फिक्या, पातळ कागदाला उलट अडचण येते. भरलेल्या भेगा आणि पुट्टीचे ठिगळ आरपार दिसतात, म्हणून सगळ्या भिंतीला एकसारखा पांढरा प्रायमर द्या. पाण्याचे, तेलाचे, धुराचे किंवा शाईचे डाग साध्या प्रायमरमधून वर येतात. तिथे आधी डाग अडवणारा शेलॅक (लाखेचा) किंवा ऑइल प्रायमर लागतो.

प्रायमर तासाभरात हाताला कोरडा लागतो. तरी रात्रभर थांबा, डब्यावर जास्त वेळ लिहिला असेल तर तितका. स्वतःच चिकटणारा स्टिकरसारखा वॉलपेपर असेल आणि भिंत नुकतीच रंगवली असेल, तर साधारण 4 आठवडे जाऊ द्या. रंग वरून सुकलेला दिसला तरी आत अजून मुरत असतो.

चूक: जुनी खळ भिंतीवर ठेवणे

जुना कागद निघाला म्हणजे खळही निघाली असं नाही. ती पारदर्शक असते आणि नव्या खळीचं पाणी लागलं की पुन्हा जागी होते. भिंत ओल्या हाताने चोळून पहा; बुळबुळीत लागली तर अजून धुवायची आहे. स्टार्चची खळ असेल तर आयोडीन पातळ करून फवारा, उरलेली जागा निळी-काळी होईल. सेल्युलोजची खळ असा रंग देत नाही, तिथे हाताच्या स्पर्शावरच भिस्त. कोमट पाण्याने धुवा, पाणी वरचेवर बदला.

कागद आधीच लागला असेल तर

एखाद-दुसरा जोड उघडला आणि पाठ स्वच्छ असेल, तर कड अलगद उचलून बारीक ब्रशने जोडाची खास खळ लावा, रोलरने दाबा आणि बाहेर आलेली खळ ओल्या स्पंजने लगेच टिपा. पाठीवर भुकटी किंवा पापुद्रा असेल तर हा उपाय आठवडाभरही टिकणार नाही. तो पट्टा पूर्ण काढा, तेवढी भिंत खरवडा, प्रायमर द्या आणि नवा पट्टा लावा. म्हणून त्याच छपाईच्या, त्याच बॅच नंबरचा एक रोल जास्तीचा घेऊन ठेवा. पट्टे सुकत असताना पंखा किंवा एसी थेट भिंतीवर सोडू नका, नाहीतर कडा आधी सुकून उचलल्या जातात.