जुनी सीडी १००: कार्बोरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीच्या अलीकडे वडिलांची हीरो होंडा सीडी १०० मोटरसायकल बंद पडली. दहा मिनिटं थांबलं की चालू, पाच किलोमीटरवर पुन्हा बंद. मेस्त्रीनं ‘मालक, कार्बोरेटर गेलाय’ म्हणत पेट्रोल-हवा मिसळणारा तो भाग दोनदा खोलला. दुखणं निघालं टाकीच्या झाकणात! झाकणातलं हवेचं भोक धुळीनं बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. असं झालं तर आधी झाकण उघडून किक मारा. गाडी सुरू झाली, तर कार्बोरेटरला हात लावू नका.

खोलावाच लागला तर जेटमध्ये तार घालू नका. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, तो पितळेचा असतो. भोक केसभर वाढलं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. स्प्रे आणि हवेचा मारा पुरतो. ट्यूनिंगचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हातानं तळाला टेकेपर्यंत आत फिरवून किती आटे होते ते लिहून ठेवा. कार्बोरेटरचे इंजिनाकडचे नट रग लावून आवळू नका, फ्लँज म्हणजे जोडाची सपाट कड वाकते. मग तिथून हवा शिरते, रेस सोडली तरी इंजिनाचा वेग लवकर खाली येत नाही आणि आपण उगाच ट्यूनिंग करत बसतो. प्लग काळाकुट्ट दिसला तर आधी एअर फिल्टर बघा.

ऊस आणि धान्यापासून केलेलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही हीरो होंडाची जाहिरात लोकांनी चेनच्या बाबतीतही मनावर घेतली. चेन बंद कव्हरमध्ये, म्हणून दिसत नाही. कव्हरचं रबरी बूच काढून बघा. मधोमध अडीच सेंटिमीटरच्या आसपास खालीवर हलायला हवी. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत ताठ आहे, तिथलं माप धरा. ताठ ठेवली की दोघं बसल्यावर आणखी ताणते आणि बेअरिंग खाते. जळकं ऑइल नको, त्यातला कचरा चेन घासतो. केरोसिननं पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल लावा.

नुसती चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेटसह (दातेरी चक्रांसह) सेट बदला. चेन जोडणाऱ्या लॉकची उघडी बाजू चेन धावते त्याच्या उलट दिशेला ठेवा. चेन ताणताना चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही ताठ होतो, तो पुन्हा जुळवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.